परटिणीच्या धोंड्याला वास का येतो

पुन्हा मलाच सांगायला लावलंत. गावात शिकलेली पोरं पैशाला पासरी झालीत, पण पाहुणे आले की धाडतात माझ्याकडे, आणि मी आपला गुडघे धरत नदीपर्यंत उतरतो. असो. उतरलोच आहे तर सांगतो. पण एकदाच सांगणार. फोटो काढण्याच्या नादात निम्मं ऐकायचं राहिलं तर माझ्या नावानं ओरडू नका.

हा काळा धोंडा बघा. नदीकडे उतरता, मधे जरा खोलगट, कपडे आपटून आपटून गुळगुळीत झालेला. याला परटिणीचा धोंडा म्हणतात. चपला काढा आणि वाकून हुंगा. हातानं नाही, नाकानं. आला? सोनचाफ्याचा आहे. ऊन तापल्याशिवाय येत नाही, म्हणून तुम्हाला दुपारचं आणलं. आता मान वर करून दोन्ही काठ बघा. बाभळी आहेत, करंज आहे. चाफ्याचं झाड दिसतंय कुठं? नाही ना. मग वास कुठून येतो ते ऐका.

फार जुनी गोष्ट आहे. वर टेकाडावर आता पाण्याची टाकी आहे ना, तिथं त्या काळी बाजीबा देशमुखाची गढी होती. आपल्या या खडकवळण गावात त्याचा एक कायदा होता म्हणे. फूल माळायचं ते गढीतल्या बायकांनी, अत्तर लावायचं ते गढीतल्या माणसांनी. बाकीच्या गावानं घामाचा, शेणाचा, धुराचा जो काय वास असेल तो घेऊन फिरायचं. या धोंड्याच्या डोक्यावर तेव्हा सोनचाफ्याचं मोठं झाड होतं. तेही गढीचंच. खाली पडलेलं फूलसुद्धा उचलायची कुणाची छाती नव्हती.

या धोंड्यावर म्हाळसा परटीण कपडे धुवायची. नवरा राणू भट्टी लावायचा, म्हणजे मोठ्या हंड्यात खाराचं पाणी उकळायचं आणि त्याच्या वाफेवर कपड्यांचे पिळे रचायचे. ही काठावर उभी राहून ते आपटायची. गढीची लुगडी तिच्याकडेच यायची, अत्तरानं भिजलेली. दुसऱ्याच्या अंगावरचा वास धुऊन काढायचा, हेच तिचं जन्माचं काम.

एका बाजाराच्या दिवशी ती मीठ घ्यायला गेली. गढीचा कारभारी अंतोबा, ज्याचं नाक त्याच्या अकलेपेक्षा मोठं होतं असं सांगतात, तो शेजारून गेला आणि थबकला. त्यानं भर बाजारात तिचं मनगट धरलं.

"हा गढीचा वास तुझ्या हाताला कसा गं?"

"गढीची लुगडी धुते, कारभारी," म्हाळसा म्हणाली. "मग काय कांद्याचा येईल?"

लोक हसले. तिथंच बिघडलं. अंतोबानं तिला चावडीपुढं नेलं आणि अत्तर चोरलं म्हणून सगळ्यांदेखत तिचे हात राखेनं आणि शेणानं घासायला लावले. कातडं सोलवटलं तरी थांबू दिलं नाही. वर ताकीद दिली की पुन्हा वास आला तर घाट बंद, आणि परटाचं बिऱ्हाड गावाबाहेर.

ती घरी आली. भट्टीपुढं बसून जाळ सारायला लागली. हात तापले, आणि तापलेल्या हातांतून तोच वास पुन्हा वर आला. राखेनं गेला नव्हता, शेणानं गेला नव्हता. कातडीच्या आत दडून बसला होता आणि ऊब लागताच उठला. म्हाळसेनं मनगट नाकाशी नेलं. असं सांगतात की तोवर ती रडली नव्हती. तेव्हा रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "आता लावतेच."

राणू घाबरला. "आपण परीट गं. आपण दुसऱ्याचा वास धुवायचा, आपला नसतो."

"आहे आपला. मगाशी हुंगला मी."

दुसऱ्या दिवशी तिनं धोंड्यावर पडलेली फुलं ओच्यात भरली आणि आपलं एकुलतं धडकं लुगडं भट्टीवर ठेवताना त्याच्या घडीघडीत घातली. वाफ फुलांतून गेली आणि लुगड्यात शिरली. ते वाळवून ती नेसली.

सोनचाफ्याचा वास म्हणजे काय ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. मोगरा लाजरा असतो, बोलावलं तर येतो. चाफा तसा नाही. पिकल्या फळासारखा, मधासारखा जड, आणि कोमट. तुमच्या अंगाची जेवढी ऊब तेवढा तो फुलतो. चाललात की तुमच्यापुढं जातो, वळणावर तुमच्या आधी पोचतो आणि सांगतो की येतेय बरं का. म्हाळसेला खाली मान घालून चालायची सवय. मान खाली गेली की पदरातून वास वर यायचा, आणि तो आला की मान आपोआप ताठ व्हायची. तशीच ती पाणवठ्यावर गेली.

बायकांनी आधी नाकं मुरडली, मग जवळ आल्या. एकजण म्हणाली, "म्हाळसाक्का, मरशील गं." आणि त्याच दमात, "माझ्या लुगड्याला पण लाव की."

वैशाखात भैरोबाची जत्रा. जत्रेआधी सगळ्या गावाचे कपडे परटाच्या भट्टीवर यायचे. कुणब्याची धोतरं, सुताराची बंडी, ढोलवाल्यांचे फेटे, विधवांची लुगडी, गढीचे अंगरखे, देवाचा शेला, सगळं. म्हाळसेनं टोपल्या भरून चाफा आणला. राणू हात जोडून म्हणाला, "निदान गढीचे पिळे वेगळे लाव."

"वेगळे कशाला? घाम सगळ्यांचा एकाच नदीत सोडते मी."

जत्रेच्या सकाळी गाव गढीच्या आवारात जमलं. रिवाजच होता, पालखी आधी देशमुखापुढं थांबायची, मग पुढं जायची. ऊन चढायला लागलं, अंगं तापली, आणि आवारात असा घमघमाट सुटला की बैलांनीही माना वळवल्या. अंतोबा कारभारी नाक पुढं करून रांगेतून फिरायला लागला. याला हुंग, त्याला हुंग. ज्याला हुंगावं त्याला वास. एक म्हातारी त्याला म्हणाली, "हुंग बाबा, नीट हुंग. माझा घो गेल्यापासनं कुणी हुंगलं न्हाई मला." आवार खदखदलं.

बाजीबा देशमुखाचं डोकं फिरलं. तो ओट्यावर उभा राहून ओरडला, "ज्याच्या अंगाला हा वास येतो, त्यानं आत्ताच्या आत्ता माझ्या आवारातून चालतं व्हावं! आणि त्या परटिणीचा घाट आजपासून बंद!"

कुणी हललं नाही. मग म्हाळसा गर्दीतून पुढं आली. तिनं देशमुखाकडं बघितलंसुद्धा नाही. पदर सावरला आणि दरवाज्याच्या दिशेनं चालायला लागली. तिच्या मागं पाणवठ्यावरच्या बायका निघाल्या. मग त्यांचे नवरे. मग ढोलवाले, ढोल गळ्यात तसेच. मग पालखीचे भोई उठले, आणि गुरवानं पालखीला हात लावला.

"तू कुठं निघालास?" देशमुख ओरडला.

गुरव म्हणाला, "सरकार, देवाच्या शेल्याला पण येतोय वास. देवाला आत ठेवू का बाहेर काढू, तेवढं सांगा."

 देवाला बाहेर हो म्हणायची जीभ देशमुखाला नव्हती, आणि शब्द मागं घ्यायचीही नव्हती. पालखी दरवाज्याबाहेर पडली. आवारात उरले दोघं. अंतोबानं हळूच आपल्या खांद्यावरचं उपरणं नाकाशी नेलं. तेही त्याच भट्टीतलं. तोही मान खाली घालून दरवाज्याकडं निघाला म्हणे. देशमुखाचा अंगरखाही तिथलाच होता, पण त्याला कळलं नाही. ज्याच्या अंगाला जन्मभर अत्तर, त्याला स्वतःचा वास येत नाही.

म्हाळसा कुठं जाणार? तिला एकच जागा ठाऊक. ती या धोंड्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग पालखी आली आणि धोंड्यावर टेकली. मग ढोल असे वाजले की पलीकडच्या काठाला ऐकू गेले. घाट बंद करायची गोष्ट तिथंच मिटली. देव जिथं बसला तिथून परटिणीला उठवणार कोण?

देशमुखानं राग झाडावर काढला. माणसं पाठवून चाफा बुडापासून तोडला, मुळंसुद्धा खणून जाळली. म्हाळसा धोंड्यावर बसून बघत होती. तिनं शिव्या दिल्या नाहीत. तोडून झाल्यावर धोंड्यावर तळहात टेकला आणि म्हणाली, "तुला तर खणून नेता येत न्हाई ना?"

पुढच्या वैशाखात बायका कपडे घेऊन आल्या त्या पडल्या चेहऱ्यानं. फूल कुठून आणायचं? म्हाळसेनं नेहमीसारखे कपडे धुतले आणि तापल्या धोंड्यावर वाळत घातले. उचलले तेव्हा घडीघडीत चाफा होता. झाडातला वास धोंड्यात उतरला असं सांगतात. मी शाळेत फार गेलो नाही, कसा उतरला ते मला विचारू नका. तुम्ही मघाशी हुंगलात ना, मग झालं.

गढी गेली. देशमुखाचं कुणी राहिलं नाही. आजही वैशाखात भैरोबाची पालखी टेकाडावर चढत नाही, सरळ इथं येते. आधी देवाचा शेला या धोंड्यावर वाळतो, मग ज्याचा त्याचा कपडा. कुंकू असलेली, नसलेली, कुठल्याही आळीतली बाई येते, तापल्या धोंड्याला मनगट टेकवते आणि मान वर करून जाते. तू कुणाची, असं इथं कुणी विचारत नाही.

म्हणजे विचारत नव्हतं. गेल्या जत्रेनंतर भर ग्रामसभेत एकजण उठला आणि म्हणाला, कसला चमत्कार, हा म्हाताराच जाऊन धोंड्याला बाटलीतलं अत्तर चोळतो. चारचौघांत माझा हात ओढला आणि हुंगला. वास आला. येणारच, मी दुपारी धोंड्याला मनगट टेकवून गेलो होतो. हात धुवून ये म्हणाला. मी धुतले नाहीत. माफी मात्र अजून यायची आहे. वर जाताना टाकीच्या अलीकडं त्याचं घर लागेल, निळ्या दाराचं. भालू कारभारी. अंतोबाच्याच घराण्यातला.