शंभूगिरीचा ठणका

"मग सुईनेही का जात नाही हा, महाराज?"

शंभूगिरी उभ्यानेच विचारत होता. बसणं कधीच सुटलं होतं. कमरेतून निघालेला ठणका डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचा, रात्रंदिवस. ज्याच्या आसनाचं अख्ख्या मठात कौतुक, तो आज भिंतीला धरून उभा होता.

म्हातारे दौलतगिरी महाराज धुनीत लाकूड सारत होते.

"डॉक्टरांनी केलं काय?"

"पालथं निजवलं. कमरेत सुई घालून नसेपाशी नेली. तिच्यातून थांबून थांबून विजेच्या लहरी सोडतात. नस जाळत नाहीत म्हणे, नुसती शांत करतात. माणूस मात्र जागा लागतो."

"जागा कशाला?"

"आधी बारीक करंट देऊन विचारतात, रोजचं दुखणं ते हेच का? आपण हो म्हटलं की सुई नेमकी लागली."

"तू काय म्हणालास?"

शंभूगिरीची मान ताठ झाली. एवढं होऊनही ताठा काही गेला नव्हता.

"तुमचा चेला मी. हूं की चूं केलं नाही. पाय पेटला होता, तरी काही होत नाही म्हणालो. त्यांनी सुई हलवली, पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी नुसत्या एक्स-रेच्या फोटोवर विसंबून लहरी सोडल्या..."

महाराजांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

मग शंभूचाच बांध फुटला. "आता सोसवत नाही. नदीचा डोह दिसला की वाटतं, एकदाचं सुटावं..."

महाराज उठले. घोंगडीवर पालथे झाले.

"कमरेवर बोट दाबत ये."

शंभू कसाबसा गुडघ्यांवर टेकला. बोट मणक्यालगत सरकत गेलं. एका जागी...

"आई गं," महाराज विव्हळले. "इथंच. किती वर्षं झाली, इथंच."

शंभूने बोट मागे घेतलं. ज्यांच्याकडे बघून तो गप्प राहायला शिकला, त्यांना त्याने कधी कण्हताना ऐकलं नव्हतं.

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्ही सगळे माझ्याकडेच बघत होता."

धुनी विझत आली होती. लाकूड सारायचं दोघांनाही सुचलं नाही.

महाराज हाताचा आधार घेत उठले. डोळे पुसून त्यांनी घोंगडी सारखी केली.

"आता तू हो पालथा. मी विचारतो."