ऊबघरातली आवडाई

त्या राज्यात सगळे दाबाखाली राहत. पोलादी गढीत थेंबांची वस्ती इतकी दाटीवाटीची होती की अंग सैल सोडायची कोणालाच सोय नव्हती, आणि म्हणूनच ते थेंब होते. जागा मिळाली असती तर त्यांचा कधीच वारा झाला असता. हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे गढीत दुसरा विषय नसे. एकदा बाहेर पडू, अंग मोकळे करू, पुढचे पुढे बघू.

गढीच्या तोंडाशी कडोबा बसे. तो कोणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. पलीकडे कुठेतरी धनी होता. त्याला कोणी पाहिले नव्हते, पण त्याने श्वास ओढला की कडोबा दारावरून उठे आणि श्वास थांबला की पुन्हा दारावर कोसळे. विनवण्या करणाऱ्यांना तो एवढेच म्हणे, "ओढ लागली की उघडीन."

दार आणि धनी यांच्या मध्ये ऊबघर होते आणि ते आवडाई सांभाळी. ती पातळ पडद्यासारखी बाई, धन्याच्या श्वासासरशी पुढेमागे होणारी. गढीतून सुटलेले थेंब हौसेने अंग पसरायला जात आणि गारठून जात, कारण एकदम पसरणाऱ्याची ऊब आधी जाते. मोकळे व्हायचे तर ती कोणाकडून तरी घ्यावी लागते. आवडाई त्यांना ऊबदार जमिनीवर उभे करी, पाय शेका म्हणे, आणि वारा झालेल्यांना बेताबेताने पुढे सोडी. जमीन तापती राहावी म्हणून बंबाजी पाणी घेऊन खालून फिरे. येताना गरम, जाताना कोमट. तो कुठून येतो हे आवडाईने कधी विचारले नाही. आयते मिळते त्याचे गाव कोण विचारतो? पुढे कसे आहे असे कोणी भीतभीत विचारले की ती सांगे, "चांगलंच असणार. वाट बघा ना किती ऊबदार आहे." तिला ते खरेच वाटे.

एकदा धनी फार काळ निजला. ऊबघर थंड पडले, बंबाजीही होता तिथेच गार झाला. मग धन्याने अवचित श्वास ओढला, कडोबा उठला आणि थेंबांचा लोंढा आत आला.

जमिनीत ऊबच नव्हती. थेंबांनी भिंतींत उरलीसुरली होती ती शोषली आणि भिंतींवर पांढरे हिव चढू लागले. हिव आवडाईच्या कडांना लागले, अंग कडक होऊ लागले, आणि ताठरलेला पडदा पुढच्या श्वासाला तडकतो हे तिला कोणी सांगायला नको होते. तिला मरायचे नव्हते.

"बंबाजी, हात जोडते. ऊब आणा."

"ऊब माझी कुठं आहे, आक्का?" बंबाजी खालून म्हणाला. "मी नुसता वाहतो."

"मग कुणाकडून आणता?"

"आधी थोड्या जणांना पुढं जाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "मग घेऊन येतो."

आवडाईला ते कळले. पण कळले असे तिने स्वतःला कळू दिले नाही. तिच्या अगदी जवळ गेनू नावाचा एक बोलका थेंब कुडकुडत उभा होता. आल्यापासून तो तिचा पदर सोडत नव्हता.

"आक्का, मी अजून नीट मोकळासुद्धा झालो नाही," तो म्हणाला. "जरा थांबून जातो."

"मागून गर्दी होते, भाऊ. तुम्ही व्हा पुढं."

तिने पदर सोडवून घेतला आणि गेनूला, त्याच्या आजूबाजूच्यांना, अर्धे ओले, अर्धे गोठलेले असतानाच, दोन्ही हातांनी ढकलले. गेनूने जाताना मागे वळून पाहिले. तो रागावला नव्हता. तिचे काही चुकत असेल असे त्याला वाटलेच नव्हते.

पलीकडे काहीतरी भडकले. थोडे थांबून पुन्हा भडकले, मग लागोपाठ, आणि सारे ऊबघर त्या तालावर थरथरू लागले.

बंबाजी पलीकडून आला तो गरम होऊन. जमीन तापली, हिव पाझरून गेले, आवडाईचे अंग सैल झाले. इतके बरे वाटले की तिचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर गेनू आला तशी ती दचकली. बंबाजी मान वर न करता निघून गेला होता. दार लावा असे कडोबाला ओरडून सांगावे म्हणून ती वळली, पण धन्याचा श्वास चालू होता आणि नवे थेंब आत आलेही होते.

त्यांतली एक म्हातारी थरथरत पुढे आली. तिने जमिनीवर पाय टेकवले आणि तिचा चेहरा उजळला.

"किती बरं वाटतं गं," ती म्हणाली. "ज्यानं कुणी ही ऊब केली, त्याचं भलं होवो."

आवडाईने तोंड उघडले. कोपऱ्यातले थोडे हिव अजून वितळायचे होते, तिकडे तिची नजर गेली. मग ती जराशी सरकली, म्हातारीच्या शेजारी तिने आपलेही तळवे जमिनीला लावले आणि ते शेकून होईपर्यंत तिथेच ठेवले.