ढब्बूचं पोट आणि चिमीचं दार

"ऊठ म्हणते ना."
"नाही उठत."
"अरे, माझ्या दारावर पोट आहे तुझं."
"असू दे. जड झालंय."

चिमी मुंगी बाहेर. साखरेचा दाणा खाली ठेवून भांडत होती. तिची सात पोरं आत. भुकेली. आणि बिळाच्या दारावर, धप्प, ढब्बू.

ढब्बू म्हणजे थोराड जातीचं कुत्र्याचं पिल्लू. वय आठ महिने. पंजे भाकरीएवढे. पाय अजून कोवळे, पोट मात्र रांजणाएवढं. सकाळी एक वाडगा, संध्याकाळी एक वाडगा, एवढं त्याला पुरे. पण ऐकतंय कोण?

"कधी उठशील?" चिमीनं विचारलं.
"पोट हलकं झालं की. वेणूताई भाकरी देते. ती थांबली की उठतो."

चिमी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वेणूताई चुलीपाशी.
"ताई गं ताई, हात आवर.
ढब्बूचं पोट उठेना,
पोरं माझी जेवेनात."
ताई म्हणाली, "मी एवढीशी देते गं. शिवाकाका दूध ओततात. ते थांबले की मी थांबते."

तुरु तुरु, तुरु तुरु. शिवाकाका गोठ्यात.
"काका हो काका, हात आवरा.
ताईची भाकरी थांबेना,
ढब्बूचं पोट उठेना,
पोरं माझी जेवेनात."
काका म्हणाले, "मी एवढंसं देतो. तात्या बिस्कीट देतात, चहात बुडवून. ते थांबले की मी थांबतो."

तुरु तुरु, तुरु तुरु. तात्या ओट्यावर. फुर्र फुर्र चहा.
"तात्या हो तात्या, हात आवरा.
काकांचं दूध थांबेना,
ताईची भाकरी थांबेना,
ढब्बूचं पोट उठेना,
पोरं माझी जेवेनात."
तात्या म्हणाले, "मी एवढंसं देतो. शेजारच्या गुणाकाकू तूपभात देतात, कुंपणावरून. त्यांना सांग आधी. त्या थांबल्या की मी थांबतो."

तुरु तुरु, तुरु तुरु. कुंपणाखालून पलीकडे.
"काकू हो काकू, हात आवरा.
तात्यांचं बिस्कीट थांबेना,
काकांचं दूध थांबेना,
ताईची भाकरी थांबेना,
ढब्बूचं पोट उठेना,
पोरं माझी जेवेनात."
काकू म्हणाल्या, "मी एवढासा देते गं बाई. पण काय करू? तो तिथून असा बघतो, असा बघतो, जसं काही जन्मात जेवलाच नाही. त्यानं डोळे मिटले की मी थांबते."

चिमी परत आली. तुरु तुरु, तुरु तुरु. दमली होती. रागावली होती.
"ढब्ब्या रे ढब्ब्या, डोळे मीट.
काकूंचा तूपभात थांबेना,
तात्यांचं बिस्कीट थांबेना,
काकांचं दूध थांबेना,
ताईची भाकरी थांबेना,
ढब्ब्या, तुझं पोट उठेना,
पोरं माझी जेवेनात."
"मिटतो की," ढब्बू म्हणाला. "त्याला कुठे उठावं लागतं?"

मिटले डोळे. घुर्र, घुर्र.

डोळे मिटले, काकूंचा तूपभात थांबला.
तूपभात थांबला, तात्यांचं बिस्कीट थांबलं.
बिस्कीट थांबलं, काकांचं दूध थांबलं.
दूध थांबलं, ताईची भाकरी थांबली.
भाकरी थांबली, पोट बोललं. गुडगुड, गुडगुड. हलकं हलकं झालं.

ढब्बू उठला. अंग झाडलं, फडफड फडफड. अंगणभर पळाला, दुडुदुडु दुडुदुडु. धाप नाही, काही नाही.

दार मोकळं झालं. चिमी आत, साखर आत. सात पोरं, सात तोंडं. कुटुकुटु कुटुकुटु.

तेवढ्यात बाहेर गलका. ताई भाकरी घेऊन आली. काका दूध घेऊन आले. तात्या बिस्कीट घेऊन आले. कुंपणावरून तूपभात आला.
"पळून दमला बिचारा," काकू म्हणाल्या.
"एवढंसं देऊ या," सगळे म्हणाले.
ढब्बूनं डोळे मोठ्ठे केले. जसं काही जन्मात जेवलाच नाही.

चिमी बाहेर आली. ढब्बूच्या वाडग्यावर चढली. चार पाय काठावर, दोन पाय कमरेवर. म्हणाली,
"सकाळी एक वाडगा, संध्याकाळी एक वाडगा, आणि या अंगणात एवढीशी म्हणायची ती फक्त मी."