तेरावा चिंचोका

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण हिच्यात चुकतो तो मोठाच माणूस.

घाटमाथ्यावर एक गाव होतं. मिठागरांच्या मुलखातून, वाळूच्या मुलखातून, बर्फाच्या मुलखातून घरी परतणारे तांडे त्या गावच्या वेशीत वडाखाली थांबत आणि बैलांना पाणी पाजत. गावात एक पंतोजी होते, मोजणीत मोठे पक्के. पण मनाचे आकडे पाटीवर लिहून देणं त्यांना मंजूर नव्हतं. "चला वेशीत," ते पोरांना म्हणत, "खऱ्या माणसांना विचारू."

मग काय! पोरं एकेका वाटसरूला गाठून विचारत, "काका, घर सोडून किती वर्षं झाली?" जितकी वर्षं, तितके चिंचोके टोपलीत. मुलखागणिक टोपली वेगळी. शेवटी सगळ्या टोपल्या एकत्र ओतायच्या आणि जितकी माणसं, तितके सारखे वाटे घालायचे. "एका वाट्याला जे आलं, ती सरासरी," पंतोजी सांगत. पोरांना भारी मौज वाटे.

पण पंतोजींनी हाच प्रश्न का धरला होता, ते पोरांना कुठं ठाऊक?

बारा वर्षांपूर्वी गावजेवणाला पत्रावळी किती लागतील, ते मोजायचं काम त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलावर सोपवलं होतं. त्यानं पंगतीत बसलेले सगळे मोजले, पण वाढणारे मोजायचे राहून गेले. वाढपी उपाशी राहिले. साऱ्या गावादेखत पंतोजी कडाडले, "मोजता येत नसेल तर पुन्हा तोंड दाखवू नकोस!" पोरगा मुकाट्यानं उठला आणि घाट उतरून गेला, तो गेलाच.

त्या गावची एक रीत होती. घरचं माणूस परमुलखात असलं, तरी रोज जेवताना त्याचा पाट मांडायचा. त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. आशा सुटली की पाट सुताराला द्यायचा. सुतार त्याच्या खुंट्या करी आणि घरच्या भिंतीत ठोकून देई.

पंतोजींच्या घरी पाट बारा वर्षं मांडला जात होता. पंतोजी एक घास खात आणि एकदा पाटाकडे बघत.

त्या वर्षीची मोजणी पुरी झाली. तीनशे माणसं, सरासरी तीन वर्षं. सगळ्यांत उशिरा परतलेला माणूस नवव्या वर्षी आलेला. पंतोजी घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, साऱ्या मुलखांत नऊ वर्षांपलीकडे कुणी परतलेलं नाही. उद्या पाट सुताराकडे नेतो."

"तुमची मोजणी तुम्हाला लखलाभ!" ती म्हणाली. "मी पाट मांडणार म्हणजे मांडणार." आणि तिनं तो नेहमीसारखा पुसून मांडला.

दुसऱ्या दिवशी पंतोजी काखेत पाट घेऊन शाळेत आले. ठकू नावाची एक चुरुचुरु बोलणारी पोर उठून म्हणाली, "पाट कुठं नेताय, पंतोजी?"

"सुताराकडे. मोजणीनं निकाल दिला, बाळ."

ठकूनं डोकं खाजवलं. "पण पंतोजी, आपण बसलो होतो वेशीत. वेशीत येतात ते परतणारेच. जे अजून परतलेच नाहीत, त्यांना आपण कधी विचारलं?"

पंतोजींनी चिंचोक्यांची टोपली उचलली. "चला, मग त्यांनाच विचारू."

नदीपलीकडे एक धर्मशाळा होती. घर सोडून आलेले आणि तिथंच राहिलेले परमुलखातले लोक तिच्यात पडून असत. गाव त्यांना रिकामटेकडे म्हणे आणि तिकडे फिरकत नसे. सारी शाळा त्या दिवशी तिकडे गेली. पंतोजीही गेले, पाट काखेतच.

कुणाची अकरा वर्षं, कुणाची चौदा. वाळूच्या मुलखातला एक म्हातारा तांबट म्हणाला, "एकोणीस." बरोबर आणलेले चिंचोके संपून गेले! तेव्हा ठकूनं आपल्याच मनानं एक प्रश्न वाढवला, "मग आजोबा, घरी का जात नाही?"

"जीव तर रोज तिकडेच असतो, पोरी," तांबट म्हणाला. "पण इतक्या वर्षांनी माझी वाट कोण बघत असेल?"

दुसऱ्यानं हेच सांगितलं. तिसऱ्यानंही. चाळीस माणसांपैकी सदतीस जणांचं उत्तर हेच.

पंतोजींनी तो पाट सगळ्यांपुढे मांडला. "हा माझ्या मुलाचा पाट. तो गेला तेव्हापासून बारा वर्षं घरात रोज मांडतोय," ते म्हणाले. "माझ्या मुलानं पंगत मोजली आणि वाढपी विसरला. मी सारं जग मोजलं आणि न परतलेले विसरलो. चूक तीच. त्याला मी हाकलून दिलं, आता मला कोण हाकलणार?" आणि पोरांदेखत ते ढसाढसा रडले.

तांबटानं पाटावरून हात फिरवला. "रोज मांडता?"

"रोज."

"पुसून?"

"पुसून."

सकाळी तांबटानं आपलं गाठोडं बांधलं आणि घरची वाट धरली. महिन्याभरात धर्मशाळेतले वीस जण निघाले. पंतोजी प्रत्येकाला वेशीपर्यंत पोचवत आणि सांगत, "वाटेत माझा मुलगा भेटला तर म्हणावं, पाट मांडलेला आहे. आणि म्हणावं, मोजायला बापही चुकला."

मुलगा परत आला का, असं विचाराल. ते मलाही ठाऊक नाही हो. एवढं ठाऊक आहे की शाळेत तेव्हापासून एक टोपली जास्त झाली, अजून न परतलेल्यांची. पंतोजींनी आधी तिच्यात आपल्या मुलाच्या नावानं बारा चिंचोके टाकले. पुढच्या वर्षी गावजेवणाच्या दिवशी त्यांनी तेरावा टाकला, घरी आले, आणि बायको पाट मांडायला उठायच्या आत तो स्वतःच्या हातानं पुसून मांडला.

बोध इतकाच: समोर आले तेवढेच मोजून जगाचा निकाल लावू नये, जे आले नाहीत, त्यांचा पाट आधी मांडावा.