पहिला हार

आता तिथे दुकानं झाली, पण एके काळी सांगलीत हळदीची एक वखार होती. पोती उचलायला तिथे गॅसवर चालणारी जुनी फोर्कलिफ्ट होती. पाठीवर टाकी आणि आवाज पेठभर.

खंडेनवमीला पहिला हार सगळ्यांत जुन्या यंत्राला घालायची तिथली रीत. मुकादम तातोबा हार घेऊन तिच्याकडे वळले, तशी बॅटरीवरची नवी फोर्कलिफ्ट फणकारली, "राबायचं मी, आणि हार या खोकणाऱ्या म्हातारीला!"

जुनीला राग आला नाही. नवी होती तेव्हा तीही हातगाडीला असंच बोलली होती. हातगाडीने हसून विचारलं होतं, "तुझी भरलेली टाकी रोज कोण आणतं गं?" तिने उत्तर दिलंच नव्हतं. पुढे हातगाडी मोडीत गेली.

"परवा तुझी बॅटरी बदलली," जुनी नवीला म्हणाली, "ती उचलून कुणी आणली गं?"

नवी वरमली. "तुम्ही, आजी."

तातोबांनी हार घातला. जुनीची नजर मात्र रिकाम्या कोपऱ्यात गेली. तिथे फरशीवर हातगाडीच्या चाकांचे चरे अजून होते.

"तूच आणायचीस, बाई," ती हळूच म्हणाली.