सायाळीनं निवडलेलं पुस्तक

त्या प्रदेशात आता कुणी कुणाला खात नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी फार रिकाम्या जात.

मोठ्या दुष्काळात सगळीकडचं पाणी आटलं आणि एकच तळं उरलं, तेव्हा त्याच्या काठी सर्वांनी मिळून तह केला होता. कंदमुळं आणि गळून पडलेली फळं एवढ्यावर भागवायचं असं ठरलं. तरसाचे सुळे उंबरं खाऊन बोथट झाले. मुंगसाचं पोट वरचेवर बिघडे. पण तह टिकला. प्रश्न उरला तो वेळेचा. पूर्वी संध्याकाळ म्हणजे कुणाच्या तरी मागं धावण्याची नाहीतर कुणापासून तरी पळण्याची वेळ होती. आता नुसतं बसायचं म्हटलं की बोलणं निघे, आणि ते कुठूनही निघालं तरी फिरून दुष्काळाशी येऊन थांबे. कोण तेव्हा कुठं होतं, कुणाच्या घरचं कोण गेलं. मग सगळे पाण्याकडं बघत बसत. अशाच एका संध्याकाळी घोरपड म्हणाली, "आपण पुस्तकं वाचू या. म्हणजे बोलायला दुसऱ्याचं काहीतरी मिळेल."

वडाच्या ढोलीत पुस्तकं होती. कुणी आणून ठेवली होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याची पाळी असेल त्यानं त्यातलं एक निवडायचं, सर्वांनी तळ्याकाठी बसून ते आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं आणि मग चर्चा करायची, असा बेत झाला. पहिलं पुस्तक मुंगसानं काढलं. त्यात तिसऱ्याच पानावर शिकार होती. ससा जागच्या जागी आडवा झाला, तरस उगाच खोकत राहिलं आणि तह मोडता मोडता वाचला. तेव्हापासून हुंगणीची रीत पडली.

हुंगणी म्हणजे अशी: निवडलेलं पुस्तक आधी सर्वांच्या हातून फिरायचं. प्रत्येकानं ते मनाला येईल त्या पानावर उघडायचं, नाक टेकवून चार ओळी मनात वाचायच्या आणि पुढं द्यायचं. वाचताना कुणाच्याही अंगावरचा केस उभा राहिला तर पुस्तक परत ढोलीत जाई, ते कायमचं. का उभा राहिला हे विचारायचं नाही. विचारलं की पुन्हा दुष्काळ आलाच. सर्वांच्या पाठींवर नजर ठेवण्याचं काम घोरपडीकडं होतं, कारण तिच्या अंगावर उभं राहण्यासारखं काहीच नव्हतं. तिच्याइतकं निःपक्षपाती दुसरं कोण मिळणार होतं?

रीत चांगल्या मनानं पाडलेली होती आणि तिनं भांडणं टळली हे खरं. पण त्यामुळे वाचायला मिळे ते असं की, गवत कसं वाढतं, रताळी किडू नयेत म्हणून काय करावं, आणि एका चांगल्या राजाची हकीगत, जो पहिल्या पानावर चांगला होता तो शेवटच्या पानापर्यंत चांगलाच राहिला. चर्चाही तशीच होई. ससा म्हणे, "भाषा ओघवती आहे." मुंगूस म्हणे, "मधला भाग जरा लांबलाय." तरस मान डोलवी. रताळ्यांच्या पुस्तकाचाही मधला भाग लांबला होता.

या मंडळीत सायाळ एका बाजूला बसे. तिचा स्वभाव हळवा होता आणि देवानं तिला अंग दिलं होतं ते काहीच लपवू न देणारं. भीती वाटली की तिचे काटे उठत. पण आनंद झाला तरी उठत, कुणाची कीव आली तरी उठत, आणि एखादं वाक्य फार सुरेख असलं तर नुसते उठत नसत, एकमेकांवर आपटून खडखडत. हुंगणीत जे पुस्तक तिला आवडे ते हटकून परत जाई. तिनं एकदा घोरपडीला सांगून पाहिलं होतं, "अहो, ही नापसंती नव्हे. मला आवडलं म्हणून असं झालं."

घोरपड शांतपणे म्हणाली होती, "कशानं झालं हे विचारायचं नाही असं आपणच ठरवलंय ना, सायाळबाई? मग सांगायचंही नाही."

बाकीचे हुंगताना ढिम्म बसत. त्यांची पाठ कशी गुळगुळीत राही. त्यांना पुस्तक सोसतं आणि आपल्याला सोसत नाही, आपलंच काहीतरी कमी आहे, असं सायाळ धरून चालली होती. मंडळीही तसंच समजत आणि तिच्याशी जरा जपूनच बोलत.

परत गेलेली पुस्तकं तिनं एकटीनं वाचायला घेतली ती अशीच, चुटपुट लागून. भरदुपारी सगळे सावलीला पडलेले असताना ती ढोलीत शिरे. तिथंच तिला हुंगणीला कधीच न आलेलं एक पातळसं पुस्तक सापडलं. त्याच्यावर नाव नव्हतं आणि आतल्या जनावरांचीही नावं दिलेली नव्हती. एका दुष्काळात एकानं शेजारणीचं पोर खाल्लेलं असतं. मग पाऊस होतो, सगळं सुरळीत होतं, आणि तो रोज त्याच पाणवठ्यावर येतो जिथं ती येते. तिला तो रोज आधी पाणी पिऊ देतो. तिला वाटतं, काय रीतभात आहे याची. तो मात्र ती पिऊन जाईपर्यंत पाण्याला तोंड लावू शकत नाही. पुस्तकात एवढंच होतं.

सायाळीचा धाकटा भाऊ दुष्काळात पाण्याच्या शोधात गेला होता. पुढं त्याचे काटे तेवढे मिळाले. ज्यानं हे केलं त्याचा तिनं मनातल्या मनात इतका द्वेष केला होता की त्याला झोप येत नसेल, पाणी गिळवत नसेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. पुस्तक मिटल्यावर ती ढोलीत बसून रडली. नंतर काही दिवस ती तळ्यावर पाहत राहिली की आपल्याला आधी पाणी कोण पिऊ देतं. सगळेच देत होते. सायाळीला वाट कोण देत नाही?

तिला कुणाला पकडायचं नव्हतं. पण ते पुस्तक एकटीनं बाळगणं तिला जड होऊन बसलं. 'तो पाण्याजवळ थांबतो त्या पानाशी तुम्हीही थांबलात का,' एवढंच कुणाला तरी विचारता यावं असं तिला वाटे. त्यासाठी ते दुसऱ्या कुणीतरी वाचलेलं असायला हवं होतं. आणि आता निवडीची पाळी तिची होती. काटे उठले तर पुस्तक कायमचं परत जाणार, आणि उठणार तिचेच, हे तिला पक्कं माहीत होतं.

हुंगणीच्या दिवशी दुपारी ती तळ्याच्या काठानं आत उतरली, तळची काळी चिकण माती उकरली आणि मानेपासून शेपटीपर्यंत अंगाला फासली. काटे पाठीला चपटे चिकटून बसले. थोडं ऊन खाल्ल्यावर ती हलून बघू लागली. काही वाजलं नाही.

"आज लेप लावून आलात," घोरपड म्हणाली. "ऊन बाधलंय का?"

"हो, जरा," सायाळ म्हणाली, आणि तिनं पुस्तक पुढं ठेवलं.

पहिली तीच हुंगायला बसली. तिनं नेमकं तेच पान उघडलं, कारण परीक्षा व्हायची तर पुरती होऊ दे. मातीखाली तिचे काटे ताठ व्हायला धडपडले, कातडं ओढलं गेलं, डोळ्यांत पाणी आलं. पण लेप टिकला. मग पुस्तक सशाकडं गेलं. ससा गुळगुळीत. मुंगूस गुळगुळीत. तरसानं पुस्तक घेतलं आणि बराच वेळ त्याचं नाक पानावरून उठलं नाही. त्याच्या पाठीवरची आयाळ मात्र जिथल्या तिथं होती. घोरपडीनं सर्वांच्या मागून एक फेरी मारली आणि म्हणाली, "पुस्तक पसंत आहे."

वाचन सुरू झालं. पुस्तक पातळ होतं, दिवस मावळायच्या आत ते संपलं. सायाळ एकेकाचं तोंड न्याहाळत राहिली. ससा वाचताना अडखळला नाही. तो पाण्याजवळ थांबतो ते पान मुंगसाच्या वाट्याला आलं, आणि त्यानं ते रताळ्यांच्या पुस्तकासारखं सरळ वाचून टाकलं.

मग चर्चेची वेळ झाली.

"भाषा ओघवती आहे," ससा म्हणाला.

"मधला भाग जरा लांबलाय," मुंगूस म्हणालं.

तरसानं मान डोलवली.

सायाळीला वाटलं, यापेक्षा पुस्तक परत गेलं असतं तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी त्याला भ्यालं, एवढं तरी कळलं असतं. आता सर्वांनी वाचलं होतं, आणि ती पूर्वीपेक्षा जास्त एकटी पडली होती. दुःखापेक्षा तिला राग आला. तिनं मान फिरवली, ती नेमकी शेजारी बसलेल्या तरसाकडं, आणि तेव्हा तिला वास आला.

तळ्याच्या तळच्या चिकण मातीचा तो वास होता. आपलाच असेल असं वाटून तिनं पुन्हा नाक पुढं केलं. तरसाच्या आयाळीच्या मुळांशी माती होती. आजची नव्हती ती. थरावर थर चढून, वाळून, पुन्हा चढून, केसांच्याच रंगाची झाली होती. तिनं मुंगसाकडं पाहिलं. त्याच्या शेपटीच्या टोकाला एक बारीक तडा गेला होता. सशाच्या कानामागं राखी पोपडा सुटला होता आणि तो पंजानं हळूच दाबून बसवत होता. दर हुंगणीच्या आधी हे लोक दुपारी कुठं असतात याचा तिनं आजवर विचारच केला नव्हता. इतके दिवस उघड्या अंगानं येणारी ती एकटीच होती.

घोरपड उठायच्या बेतात होती. तेवढ्यात तरस पुस्तकाकडं न बघता म्हणालं, "सायाळबाई, तो पाण्याजवळ थांबतो ते पान. ते तुम्ही वाचाल का एकदा?"

"आता वाचून झालंय," घोरपड म्हणाली.

"मला ऐकू आलं नाही," तरस म्हणालं.

सायाळीनं पान काढलं. पहिल्या दोन ओळी तिनं नीट वाचल्या. तिसऱ्या ओळीला तिच्या खांद्यावरची माती तडकली, चौथीला पाठीवरची. काटे एकेक करून उठले आणि मातीचे तुकडे पुस्तकावर, गवतावर, पाण्यात पडू लागले. तिनं ते झाडले नाहीत आणि वाचणं थांबवलं नाही. खडखडाट इतका वाढला की तिचा आवाज त्यात बुडून गेला, कुणाला शब्द लागेना. ससा अंग चोरून मागं सरकला.

तरस पुढं सरकलं. ऐकू येत नव्हतं म्हणून स्वतः वाचावं असं त्याच्या मनात असावं. त्यानं आपलं तोंड सायाळीच्या खांद्यावरून पानाकडं नेलं. तिथं पोचायला उभ्या काट्यांमधूनच वाट होती. एक काटा त्याच्या नाकात शिरला. रक्ताचा थेंब पानावर पडला, ओळीच्या थोडा खाली. तरसानं नाक मागं घेतलं नाही. सायाळीनं पान जरा त्याच्या बाजूला कलतं धरलं, आणि दोघं पुढची ओळ वाचू लागली.