जुन्या गाडीचा नारळ

कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या रेवती शिंगटेने नव्या गाडीचा हट्ट सोडला आणि स्वतः चालवून, पारखून एक जुनी गाडी घेतली. दारात पूजा मांडली. नारळ फोडायचा मान घरातल्या वडीलधाऱ्यांचा, म्हणजे दूध संघाचे चेअरमन असलेल्या तिच्या चुलत्यांचा, आबासाहेबांचा.

आबासाहेबांनी नारळाला हातसुद्धा लावला नाही. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "नारळ कोऱ्या गाडीला फोडतात, पोरी! दुसऱ्यानं वापरून विकलेल्या डबड्याला नव्हे!"

रेवतीच्या वडिलांची मान खाली गेली. रेवती मात्र हसली.

"आबा, चेअरमन झालात तेव्हा तुम्ही खुर्चीची पूजा करून नारळ फोडलात. ती खुर्ची कोरी होती?"

"छे! कितीतरी चेअरमन बसून गेलेत तिच्यावर."

"मग नारळ कशाला?"

आबासाहेबांनी छाती फुगवली. "खुर्ची जुनी असली म्हणून काय झालं? बसणारा नवा होता ना!"

"इथंही बसणारी नवी आहे, आबा." रेवतीने नारळ पुढे केला. "शिंगट्यांच्या घरात स्टेअरिंगवर बसणारी पहिली मुलगी."

आबासाहेबांनी नारळ घेतला आणि गाडीपुढे फोडला. पहिला तुकडा रेवतीच्या वडिलांनी घेतला, ताठ मानेनं.